माय तिथं असेल का?

माझे दोन्ही भाऊ प्लेगात गेले तेव्हा मी सहासात वर्षांची असेन. कोरीटला आमची शेती होती. घरात आजोबा, काका, काकू, त्यांची मुलं, असं भरलेलं खटलं होतं. कणगीखाली मेलेले उंदीर सापडले तसं सगळं गाव घरं बंद करून शिवारात झोपड्या घालून राहायला गेलं. आमची झोपडी बाभळीच्या आडोशाला होती. एका सकाळी धाकट्याच्या काखेत गाठ आली. त्याला पुरून माणसं परत आली तर थोरला भर उन्हात गोधडी ओढून निजला होता. माय त्याला उठवायला गेली, कपाळाला हात लावला आणि त्याची काख चाचपून पाहिली. आठवडा उलटायच्या आत तोही गेला. दोघांना नाल्याच्या काठी शेजारी शेजारी पुरलं.

त्यानंतर वर्षभर आबा, म्हणजे माझे वडील, कामापुरतंच बोलत. नांगर धरायचे, बैलांना पाणी पाजायचे, ताटावर बसायचे आणि भाकरी तशीच ठेवून उठायचे. माय बोलायची, पण ते रडण्यासारखंच असायचं. दळताना, सारवताना, शेण थापताना ती त्या दोघांची नावं घेत राहायची. मी जवळ गेले की मला पोटाशी धरायची आणि पुन्हा त्यांचीच नावं घ्यायची.

एकदा आबा मिरच्या घेऊन नंदुरबारच्या बाजाराला गेले. परत आले ते निराळेच होऊन. गाडी सोडली, बैलांपुढं चारासुद्धा टाकला नाही, सरळ चुलीपाशी येऊन मायच्या समोर बसले.

"आयक. पोरे गयात नहीत," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. "त्या तठे शेतस. देवना घर. आपले भेटतीन." पोरं गेली नाहीत, तिथं देवाच्या घरी आहेत, आपल्याला भेटतील.

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कोनी सांगं तुम्हले?"

"बजारमा एक मानूस सांगी ऱ्हायना व्हता. लिंबडाखाले हुभा ऱ्हाईसन. त्याना बी पोऱ्या मरेल शे. तरी तो हासी ऱ्हायना व्हता. मी इचारं, तू हासस कसा? तो बोलना, माले माहीत शे तो कोठे शे."

तव्यावरची भाकरी करपली तरी माय उठली नाही. मग तिनं जे विचारलं ते मला आजही तिच्याच आवाजात ऐकू येतं.

"तठे पोरे मोठा व्हतस का? का जितला व्हतात तितलाच ऱ्हातस? मी गऊ तं माले वळखतीन का?"

आबा म्हणाले, "मायले कोनता पोऱ्या वळखाव नही?"

तो बाजारातला माणूस मिशनचा उपदेशक होता. पुढच्या वर्षी आबांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्याबरोबर माझाही. माझा हात धरून त्यांनी मला पाण्यापाशी नेलं होतं एवढंच मला आठवतं. माय आली नाही. तिचा विरोध नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी देखसू." मी बघेन, एवढंच.

घरात आरडाओरडा झाला नाही. आजोबांनी फक्त आबांचं ताट वेगळं करायला सांगितलं आणि विहिरीवरचा आमचा दोर काढून टाकला. ते आरडाओरड्याहून वाईट होतं. आबांनी गाव सोडायचं ठरवलं. धाकटे काका आबांचे फार लाडके. त्यांना आबांनीच खांद्यावर खेळवलेलं. ते मायला म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऱ्हा आठेच. तुम्हनं काय चुकनं?" मायनं डोक्यावर बोचकं घेतलं, माझं बोट धरलं. "जठे नवरा, तठे मी," ती म्हणाली. काका गाडीमागं थोडं चालत आले आणि मग रस्त्यात उभे राहिले. मी वळून वळून पाहत होते. ते तिथंच उभे होते.

नंदुरबारच्या कडेला मिशनची वस्ती होती, तिथं आम्हाला एक खोली मिळाली. आबांकडे बागेचं आणि बैलगाडीचं काम आलं. वस्तीत सगळे ख्रिस्ती. एकटी माझी माय बाप्तिस्मा न घेतलेली. रविवारी आम्ही प्रार्थनेला आत बसायचो आणि ती बाहेर पायरीवर सूप घेऊन तूर निवडत बसायची. आतलं सगळं तिला ऐकू जायचं. गाणं सुरू झालं की सुपाचा आवाज थांबायचा.

आबांच्या त्या दिवसांबद्दल मला सांगायलाच हवं, कारण स्वर्गाची आशा धरून जगणं म्हणजे काय हे मी कुठल्या उपदेशातून शिकले नाही, त्यांच्याकडे बघून शिकले. सकाळी उठले की ते दारात उभे राहून आळस देत म्हणायचे, "एक दिवस जोडे उना." म्हणजे एक दिवस जवळ आला. दूरगावी लेकरं शिकायला ठेवलेला बाप सुट्टीची वाट बघतो ना, तसं. थोरल्याच्या वयाची मुलं गाडी हाकताना दिसली की म्हणायचे, "आपला बी आते इतला झाया व्हई." त्यांच्या लेखी ते दोघे कुठंतरी वाढत होते.

त्यांनी भांडणं सोडून दिली. वाटणीचं शेत काकांनी पेरायला घेतलं तेव्हा वस्तीतले लोक म्हणाले, हक्क सांगा. आबा म्हणाले, "पेरू द्या. तो मन्हा भाऊच शे." कुणाशी शब्दाला शब्द लागला तर दिवस मावळायच्या आत ते त्याच्या दारात जाऊन यायचे. "रुसीसन झोपनू आनि बोलावनं उनं तं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माय रागावलेली असली की ते चुलीपाशी बसून न सांगता लसूण सोलायला घ्यायचे. त्यांना लसूण नीट सोलता येत नसे, पाकळ्यांचा चेंदा व्हायचा. माय आधी तोंड फिरवायची, मग बघायची, मग तिला हसू यायचं. भाऊ गेल्यावर मायला मी हसताना पाहिलं ते तेवढ्याच वेळी.

एकाच गोष्टीवर त्यांचं जुळलं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीच्या घागरीत गार पाणी, वर लहान लोटा, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि शेजारी सांजोऱ्या. वैशाखाच्या उन्हात गेलेल्यांना तहान लागत असेल म्हणून. माय दर आखाजीला दोन लहान घागरी आणायची. वस्तीत हे चालण्यासारखं नव्हतं, म्हणून ती त्या खोलीच्या मागं, भिंतीच्या सावलीत मांडायची. आबा कधी त्या उचलायला गेले नाहीत. पण पहिल्या वर्षी ते तिच्याजवळ जाऊन बसले.

"तठे कोनले तीस लागस नही," ते हळूच म्हणाले. तिथं कुणाला तहान लागत नाही.

"तुम्हले तं तसं वाटस," माय म्हणाली. "मन्हा धाकला ताप चढना तव्हय पानीच मांगी ऱ्हायना व्हता. वैद्य बोलना, देऊ नका. मी दिधं नही. तो तसाच गया."

आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिनं ते उच्चारलं त्या दिवशीच पहिल्यांदा. ते उठून गेले नाहीत. ऊन भिंतीवरून सरकून त्यांच्या अंगावर आलं तरी दोघं तिथंच बसून होती.

मग मानमोडीचा ताप आला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जो आला तो. मी तेव्हा मोठी झाले होते, वस्तीच्या शाळेत लहान मुलींना शिकवायला मदत करत होते. घराघरांत माणसं आडवी झाली. ज्यांच्या घरी पाणी द्यायला कुणी उरलं नव्हतं तिथं आबा पेज घेऊन जायचे. हिंदू, मुसलमान, भिल्ल, काही बघायचे नाहीत. जी माणसं एरवी त्यांच्या हातचं पाणी प्याली नसती ती त्या दिवसांत प्याली. संध्याकाळी त्याच गाडीतून मेलेली माणसं न्यायचे. माय म्हणायची, "आते पुरे करा. तुम्हले काही व्हई गयं तं?" ते म्हणायचे, "व्हई तं व्हई. माले कोठे अनोळखी गावले जानं शे?"

ती भीती त्यांना खरोखरच नव्हती. मला वाटायचं, त्यांना कसलीच भीती नाही.

ते आडवे पडले ते एका दुपारी, गाडी सोडल्यावर जुवाला टेकूनच. दोन दिवसांत श्वास लागला. ओठ निळे पडले. पाळकबाबा येऊन प्रार्थना करून गेले. ते घाटावरचे होते, आमच्याहून शुद्ध मराठी बोलत, पण मनानं फार मऊ. त्यांनी विचारलं, "शांती आहे ना?" आबांनी मान हलवली. पाळकबाबा निघून गेल्यावर सकाळच्या उजेडात माय आबांच्या छातीवर शेक देत बसली होती आणि मी पायांशी होते. आबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांचा चेहरा पिळवटला. इतकी वर्षं मरणाची गोष्ट हसत बोलणारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"तू येशी ना?" ते म्हणाले. "पोरे भेटतीन माले. पन तू तठे नही राही तं मी काय करू? तू येशी ना?"

मायनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"इसू," ती म्हणाली, म्हणजे येईन. "मी इसू. तुम्ही जा पुढे."

त्या दिवशी दुपारच्या आत ते गेले.

त्यांना वस्तीच्या जागेत पुरलं. पांढरं कापड घातलं होतं. लोकांनी गाणी म्हटली, पुन्हा भेटण्याची. कोरीटहून कुणी आलं नाही. कुणी आलं असतं तर मायला गळा काढून रडता आलं असतं. आमच्या बायका मेलेल्याच्या एकेका गुणाची आठवण काढून मोठ्यानं रडतात, त्याशिवाय छाती मोकळी होत नाही. पण आबांनी सांगून ठेवलं होतं, माझ्या मरणाला रडायचं नाही, मी घरी चाललो. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि पूर्ण वेळ तशीच उभी राहिली. परत येताना मी तिच्या तोंडातून तो पदर सोडवला तेव्हा तो चावून फाटला होता.

पुढची आखाजी आली. मायनं दोन लहान घागरी आणल्या, भरल्या, सावलीत मांडल्या. मी वाट पाहिली, पण तिसरी तिनं आणली नव्हती.

मी म्हटलं, "माय, आबांना?"

"त्यास्नी सांगेल शे, तठे तीस लागस नही. त्यास्ना शब्द मी कशी मोडू?"

आणि मग तिथंच, उन्हात, तिचा बांध फुटला. "पन त्यास्नं खोटं निंघनं तं वं, पोरी? मन्हा मानूस तिश्या हुभा व्हई तं?" माझा माणूस तिथं तहानलेला असेल तर, म्हणत ती डोकं भिंतीवर आपटायला लागली. मी तिला आवळून धरलं. इतक्या महिन्यांचं रडणं त्या दुपारी बाहेर आलं. शेजारपाजारच्या बायका आल्या आणि त्यातल्या एकीनंही तिला, रडू नको, असं म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजवर ऋणी आहे.

त्यानंतर काही दिवसांनी ती स्वतःच पाळकबाबांकडे गेली. मी बरोबर होते. दारातच उभी राहून ती म्हणाली, "माले बाप्तिस्मा द्या."

पाळकबाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला बसायला पाट दिला. "आनंदाची गोष्ट आहे, बाई. तुम्हाला हे का हवंसं वाटलं?"

"मन्हा मानूस तठे शे. पोरे तठे शेतस. मी त्यास्ले इसू बोलेल शे."

"आणि प्रभूवर विश्वास?"

माय म्हणाली, "त्यास्ले मी कव्हय देखं नही. तुम्हना देव चांगला व्हई. मन्हा मानूस त्याना नावनं चांगला झाया, ते मी देखं. पन मी खरं सांगस, माले देवकडे नही, त्यास्नाकडे जानं शे."

पाळकबाबांनी डोळे मिटले. मग ते तिला समजावत राहिले. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, शिका, ऐका, विश्वास हळूहळू येतो, आम्ही थांबू. फक्त जुन्या गोष्टी सोडाव्या लागतील. गेलेल्यांना पाणी ठेवणं सोडावं लागेल, कारण त्यांना आता देवाशिवाय कुणाच्या हातच्या पाण्याची गरज नाही.

"पक्कं माहीत शे तुम्हले?"

"शास्त्रात आहे, बाई."

"तुम्ही देखं का?"

"नाही," पाळकबाबा म्हणाले. खोटं त्यांनाही बोलता येत नव्हतं.

"मंग बाकी सगळं सोडसू," माय म्हणाली. "तेवढं राहू द्या. त्या पोरेस्ले पानी देनारं मन्हाशिवाय कोनी नही."

बाप्तिस्मा तिथंच राहिला. निघताना त्यांनी तिला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाटेत माय मला म्हणाली, "मानूस चांगला शे. त्याना काय दोष?"

पुढं माझं लग्न झालं. माझे मालक शाळामास्तर होते, ख्रिस्ती घरातलेच. त्यांची नेमणूक शहाद्याकडे झाली, ब्राह्मणपुरीच्या पलीकडच्या एका खेड्यात, जिथून तोरणमाळचा डोंगर रोज समोर दिसतो. माय आमच्याबरोबर आली. मास्तरांनी तिला सासू म्हणून कधी वागवलं नाही, आई म्हणूनच वागवलं. तिच्या आखाजीबद्दलही ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत. त्या दिवशी ते सकाळीच काहीतरी काम काढून गावात जायचे.

मी आबांची मुलगी होते. आबांसारखंच जगायचा प्रयत्न करत होते. रोज सकाळी चूल पेटवताना म्हणायचे, एक दिवस जवळ आला. कुणाशी रुसून दिवस मावळू दिला नाही. डोंगरातल्या पावरा जमातीच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन बाजाराला उतरायच्या, पाण्यासाठी आमच्या दारात थांबायच्या. त्यांना बसवून मी ज्या गावी जायचं आहे त्या गावाबद्दल सांगायचे. त्यांना माझी बोली अर्धी कळायची. एकदा त्यातल्या एका म्हातारीनं ओसरीतल्या मायकडे बोट दाखवलं आणि खुणेनं विचारलं, ही पण येणार ना तिकडं? मी लगबगीनं तिचा तांब्या भरायला आत गेले. पुष्कळ वेळ बाहेर आले नाही.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आशा असली की दुःख हलकं होतं असं सगळे म्हणतात, आणि आबांच्या बाबतीत ते खरंच होतं. आबा कुठं आहेत हे मला ठाऊक होतं. पण मायच्या पाटावर ताट वाढताना, तिचे केस विंचरताना, तिच्या पायाला तेल लावताना ती आशाच मला कापायची. स्वर्ग मानला नसता तर माय शेवटी मातीत गेली असती, जशी सगळी जातात, आणि मी तेवढंच रडले असते. मी स्वर्ग मानत होते, म्हणून माझी माय जिवंत असतानाच माझ्या हातून सुटत चालली होती. रोज थोडी थोडी.

तिला ते कळत होतं. एकदा मी केस विंचरताना रडले तर ती मान न वळवता म्हणाली, "रडू नको. मन्हा तुन्हा आबासंगे करार शे. ते काही करीसन माले मधमा लेतीन." काहीतरी करून मला आत घेतील. आबांवर तिचा भरवसा देवापेक्षा जास्त होता.

ती आजारी पडली ती ज्वारीची कापणी चालू असताना. ताप, मग खोकला, मग अन्न जाईना. दिवस भरत आले हे मास्तरांच्या लक्षात आलं. कोरीटकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांनी काकांना निरोप धाडला. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "ती त्यांच्या घरची सून आहे. त्यांना कळायला हवं."

शेवटच्या सकाळी मास्तर तिच्या उशाशी बसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. माझ्यासाठीच ते करत होते, मला माहीत आहे.

"माय," ते म्हणाले, "एवढंच म्हणा, प्रभू, मी तुझी आहे. नुसतं हो म्हणा. बाकी काही नको. घागरीचं मी बघतो."

मायनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"जठे जानं शे तठे सगळा खरं बोलनारा शेतस ना, जावाईबोवा?"

"हो, माय."

"मंग तठे खोटं बोलीसन कशी जाऊ? मी त्याले वळखस नही अजून. वळखती तं सांगती."

मास्तर बाहेर गेले आणि अंगणात पाठमोरे उभे राहिले. मी तिच्या गालाला गाल लावला. म्हटलं, "माय, तू आबांना 'इसू' म्हणाली होतीस." ती म्हणाली, "हां. बोलनू व्हतू." मग खूप वेळानं, "मी जास त्यास्नाकडेच. लेवो का नको लेवो, ते आते देवनं काम."

ऊन अंगणभर झालं तेव्हा काका गाडी घेऊन आले. केस पांढरे, काठी टेकत. आम्ही कोरीट सोडलं तेव्हा रस्त्यात उभे राहिले होते, त्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ते आत आले आणि वहिनीचे पाय धरून बसले. मायनं पाण्याकडे खूण केली. मी तांब्या उचलला तर काकांनी तो माझ्या हातून घेतला. ज्या घरानं आमचा दोर काढून टाकला होता त्या घरच्या माणसानं ख्रिस्ती घरातला तांब्या हातात घेतला आणि मायला घोटघोट पाणी पाजलं. ते पाणी पोटात गेलं आणि थोड्याच वेळात तिची मान कलली.

मी मोठ्यानं रडले. आबांनी नको सांगितलं होतं, पण मी रडले. तिचा एकेक गुण काढून, आमच्या बायका रडतात तशी, अहिराणीत.

मग काका मास्तरांना म्हणाले, "वहिनी आम्हनी शे. तिना बाप्तिस्मा नही. आम्ही तिले लई जासूत. तापीवर, प्रकाशाले." प्रकाशा म्हणजे तापीकाठचं तीर्थ, तिथं दहन करून राख नदीत सोडतात.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तू सांग. तुला वाटलं तर मी आबांशेजारी जागा मागायला नंदुरबारला जाईन. भांडेन हवं तर."

मला तिला आबांशेजारी ठेवायचं होतं. जगात दुसरं काहीही नको होतं. पण सकाळी ती जे बोलली ते माझ्या कानात होतं. तिनं खोटं पाऊल आत टाकायला नकार दिला होता. ते पाऊल मी तिच्या प्रेताकडून टाकून घ्यायचं? मी काकांना म्हटलं, "न्या."

मीच तिला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं, कुंकू नव्हतं तर कपाळ नुसतंच पुसलं. दिवस मावळायच्या आत तापीला पोचायचं होतं म्हणून त्यांनी घाई केली. गाडीमागं मी शिवेपर्यंत चालत गेले. तिथं काका थांबले. "पोरी, आते घर जाय," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी उभी होते. माझे भाऊ कोरीटच्या नाल्याच्या काठी. आबा नंदुरबारला. आणि माय तापीच्या पाण्यात जाणार. चौघं तीन जागी, आणि त्यांना जोडणारं जिवंत माणूस म्हणून एकटी मी.

त्याच वर्षी नाताळच्या आधी मी नंदुरबारला गेले. पाळकबाबा खूप म्हातारे झाले होते, दिसायचंही कमी झालं होतं. त्यांच्यासमोर बसून मी विचारलं, "पाळकबाबा, माझी माय कुठं आहे?"

त्यांनी मला धीराची वाक्यं सांगितली नाहीत. 

"मला माहीत नाही, मुली," ते म्हणाले. "बाप्तिस्मा मागायला आली त्या दिवसापासून मी हाच विचार करतो आहे. घागर राहू द्या असं म्हणालो असतो तर? आणि तसं म्हणालो असतो तर मग मी इथं कशासाठी होतो? मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो. तुझी आई जितकी खरी होती तितका खरा माणूस माझ्या मंडळीत मी फार थोड्या वेळा पाहिला. आणि देव माझ्यापेक्षा दयाळू आहे. त्या दोन्ही गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवतो आणि झोपी जातो. झोप लागते असं नाही."

पुढच्याच उन्हाळ्यात तेही गेले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मास्तर निवृत्त झाले, मुलं आपापल्या कामाला लागली. मी आशा सोडलेली नाही. कुणी विचारलं तर मी आजही सांगते की मरण हा शेवट नाही, आणि ते मी मनापासून सांगते. सकाळी दारात उभी राहून, एक दिवस जवळ आला, असंही म्हणते. पण आबांच्या आवाजात जो आनंद असायचा तो माझ्या आवाजात नसतो. मी प्रार्थना करते तेव्हा देवाकडे स्वर्ग मागत नाही. म्हणते, तू तिला पाहिलं आहेस. ती तुला ओळखत नव्हती, पण तू तर तिला ओळखत होतास ना?

रविवारी आमच्या लहानशा मंडळीत पुन्हा भेटण्याचं गाणं होतं. माझा आवाज अजून बरा आहे, म्हणून मलाच सुरू करायला सांगतात. मी सुरू करते. सगळे भेटतील, अशी ओळ येते तिथं माझा आवाज बंद पडतो. बाकीचे ती ओळ म्हणतात. शेजारी बसलेले मास्तर माझ्या वाटणीचीही मोठ्यानं म्हणतात. मग पुढच्या ओळीला मी पुन्हा त्यांच्यात मिसळते.